घड्याळाची दोन वजनं

विमानांच्या त्या क्लबात दिवसाचं पहिलं काम विमानाचं नसे, माणसाचं असे. रविवारी सकाळी मैदानावर आलं की आधी काट्यावर उभं राहायचं. काटा गोदामातला, पोती तोलायचा. लोखंडी पाट, पितळी दांडी आणि दांडीवर सरकवायचं वजन. क्लब नवा होता तेव्हा कुणीतरी भंगारातून उचलून आणला होता. त्याच्या शेजारी एक तीन पायांचं स्टूल असे, आणि त्या स्टुलावर पंधरा वर्षं घड्याळजीची बायको बसली.

तिला स्वतःला वर जायची भयंकर भीती. शिडीवर चढून माळ्यावरचा डबा काढायचा तरी नवऱ्याला हाक मारणारी बाई ती. पण नवरा दर रविवारी आभाळात जाणार आणि आपण घरात भिंतीकडे बघत बसणार, हेही तिला पटेना. "भिंतीपेक्षा तुमच्याकडे बघेन. मान दुखली तर दुखली," असं म्हणून ती मैदानावर यायला लागली. नुसतं बसायचा तिचा स्वभाव नव्हता. काम मागितलं तेव्हा क्लबाने तिला काटा दिला.

काटा हाती आल्यावर तिने पहिल्याच दिवशी एक नियम केला. वजन मोठ्याने सांगायचं नाही. माणूस पाटावर उभा राहिला की ती दांडी बघायची, वहीत आकडा लिहायची, लिहिताना पानावर दुसरा हात आडवा धरायची, आणि दोनांपैकी एकच गोष्ट बोलायची. "बसतंय." नाही तर, "बसत नाही."

"किती भरलं वहिनी?" असं कुणी विचारलंच तर उत्तर ठरलेलं. "ते सांगायची पद्धत नाही."

हळूहळू तो शब्द सगळ्या क्लबाच्या तोंडी बसला. चहा चांगला झाला, बसतंय. कुणाच्या मुलीला स्थळ आलं आणि मुलगा जरा शिष्ट निघाला, बसत नाही. वाऱ्याची दिशा दाखवायला मैदानाच्या टोकाला काठीवर जी लांब कापडी नळी टांगतात, तिला क्लबात पायजमा म्हणत. पायजमा फार ताठ झाला की कुणीतरी डोळे बारीक करून म्हणे, "आज बसत नाही रे," आणि सगळे पत्र्याच्या शेडमध्ये पत्ते खेळायला बसत.

हे वजनाचं प्रकरण थट्टेचं नव्हतं मात्र. क्लबाकडे होती ती ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाची विमानं. खाली मैदानाच्या दुसऱ्या टोकाला एक मोठं रीळ असतं, ते लोखंडी तार गुंडाळतं, तारेने विमान पतंगासारखं वर चढतं, मग तार सोडायची आणि वाऱ्यावर तरंगायचं. असलं विमान म्हणजे एक तराजूच. चालवणारा पुढे बसतो. तो ठरलेल्यापेक्षा हलका असला तर शेपूट खाली जाते, नाक वर होतं, वेग मरतो, आणि विमान दगडासारखं पडतं. म्हणून बसायच्या जागेसमोर एक पत्र्याची पट्टी ठोकलेली असते, आणि तिच्यावर आकडा कोरलेला असतो. क्लबाचं एकच माणूस बसेल असं जे विमान होतं, त्यात तो आकडा होता पासष्ट किलो.

दोन वर्षांपूर्वी घड्याळजीची बायको गेली. आठ दिवसांचं दुखणं. नवव्या दिवशी ती नव्हती.

त्यानंतरच्या बैठकीत क्लबापुढे तीन विषय होते: नवी तार आणायची का, मैदानातलं गवत कोण कापणार, आणि काट्यावर कोण बसणार. पहिल्या दोन विषयांवर तासभर भांडण झालं. तिसऱ्याला सगळे आपापल्या बुटांकडे बघायला लागले. क्लबाचे प्रमुख म्हणजे दातांचे डॉक्टर. लोकांची तोंडं उघडण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं, पण त्या दिवशी त्यांचंच तोंड उघडेना.

"मी बसतो," घड्याळजी म्हणाला.

सगळ्यांना हायसं वाटलं. तसं ते बरोबरही होतं. चाळीस वर्षं ज्याने डोळ्याला भिंग लावून केसाएवढ्या स्प्रिंगा बसवल्या, त्याच्याइतका नेमका माणूस दुसरा कोण मिळणार? फक्त एक गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नाही. काट्यावर बसणाऱ्याचं वजन कोण करणार? चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात, तशातली गत झाली. आणि त्या दिवशी तरी घड्याळजी चोर नव्हता.

पहिल्या रविवारी त्याने स्वतःचं वजन केलं ते अडुसष्ट भरलं. अडुसष्ट लिहिलं. थंडी संपताना ते सहासष्ट झालं. काटा हलला असेल, अशी समजूत करून घेऊन त्याने अडुसष्ट लिहिलं. मग चौसष्ट झालं. आता काट्याला बोल लावायला जागा नव्हती. काटा कालच त्याने स्वतः साफ करून तपासला होता. त्याने मान वर करून शेडमध्ये कुणी बघतंय का ते पाहिलं. पानावर डावा हात आडवा धरला, आणि लिहिलं, अडुसष्ट.

त्याची अन्नावरची वासना गेली होती असं नाही. अडचण टेबलाची होती. घरातल्या टेबलाला दोन खुर्च्या. एकीवर तो बसला की दुसरी समोर. एकदा त्याने ती भिंतीकडे तोंड करून ठेवली, तर शिक्षा केलेल्या पोरासारखी दिसायला लागली. पुन्हा सरळ केली. मग त्याने टेबलावर बसणंच सोडलं. ओट्याशी उभ्याउभ्या पावाचा तुकडा, कधी एखादं उकडलेलं अंडं, वर पाणी. उभा माणूस किती खाणार? परगावाहून मुलीचा फोन येई. "बाबा, जेवलात?" "जेवलो." "काय जेवलात?" "सगळं." वहीत लिहायचा तसाच तो फोनवर बोलायचा.

क्लबात दोन माणसांचं विमानही होतं. एकटा माणूस ते घेऊन गेला की मागच्या जागेवर वाळूची पिशवी पट्ट्याने आवळून बांधत. तिला सगळे पाहुणा म्हणत. घड्याळजीने एकदाच पाहुण्याला घेऊन उड्डाण केलं. सगळा वेळ त्याला पाठीमागे कुणीतरी गप्प बसल्यासारखं वाटत राहिलं. उतरल्यावर त्याने ते विमान पुन्हा मागितलं नाही. एका माणसाच्या विमानाचं तसं नव्हतं. तिथे दुसरी जागाच नव्हती, म्हणून ती रिकामीही नव्हती. वरचं झाकण लावलं, तार सुटली, वाऱ्याची शीळ सुरू झाली, की आठवड्यात पहिल्यांदा त्याला आपण एकटे आहोत असं वाटायचं नाही. एकच माणूस बसायचा असतो तिथे एक माणूस बसलाय, एवढंच वाटायचं. ती पाऊण तासाची जागा गेली असती तर त्याच्यापाशी ओटाच उरला असता.

आणि ती जागा जायला आली होती. काट्याने एकसष्ट दाखवलं, मग साठ, मग एकोणसाठ. वही फसत होती, विमान फसत नव्हतं; वर त्याचं नाक आपोआप उचलायला लागलं होतं.

उपाय क्लबातच होता. इस्पितळातली नर्स, क्लबातली सगळ्यात किरकोळ मुलगी, वर जायची तेव्हा विमानाच्या नाकात दोन स्क्रूंनी शिशाची एक लादी बसवायची. सगळ्यांसमोर बसवायची आणि वर म्हणायची, "माझं माहेरचं वजन आणा रे!" घड्याळजीने तसं म्हणायचं, की काम झालं. पण मग कुणीतरी विचारणार, घड्याळजी, तुम्हाला लादी कशाला? कधीपासून? जेवता की नाही? मुलीला कळलंय का? माणसं वाईट नव्हती, तीच तर पंचाईत. चांगल्या माणसांचे प्रश्न परतवता येत नाहीत.

घरी बैठकीच्या खोलीत पुरुषभर उंचीचं एक जुनं घड्याळ होतं. त्याच्या पोटात साखळ्यांना दोन पितळी वजनं लोंबत असत. एक चालायला, एक टोले द्यायला. दर रविवारी क्लबाला निघताना बायको साखळ्या ओढून ती वर चढवायची. "तुमच्याआधी यांना वर पाठवते," म्हणायची. एका रविवारी सकाळी घड्याळजीने दार उघडलं, दोन्ही वजनं काढली आणि तागडीत टाकली. प्रत्येकी सव्वातीन किलो. एकोणसाठ आणि साडेसहा, साडेपासष्ट. जुन्या कोटाच्या आत त्याने स्वतः दोन खोल खिसे शिवले, दुहेरी दोऱ्याने. घड्याळ पावणेआठला थांबलं ते थांबलंच. रस्त्याने जाणाऱ्याचं घड्याळ दोन मिनिटं मागे असलं तरी हटकणारा माणूस. त्याच्याच घरात काळ उभा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

दीड महिना ते चाललं. सातव्या रविवारी शिवण उसवली.

त्या दिवशी ऊन स्वच्छ होतं आणि पायजमा अर्धा उचलून सुस्त हलत होता.

"घड्याळजी, कोट कशाला? उकडून मराल," नर्स म्हणाली. ती विमानाच्या पंखाचं टोक धरून उभी होती. विमान सुटेपर्यंत पंख समतोल धरायचा आणि चार पावलं त्याच्याबरोबर पळायचं, हे पाळीपाळीने सगळ्यांचं काम.

"वर गार असतं."

"खाली तर गरम आहे!"

"मी खाली कुठे थांबणार आहे?" तो म्हणाला, आणि झाकण लावून घेतलं.

पलीकडच्या टोकाला रिळाच्या यंत्रावर ड्रायव्हरबाई होती. तीस वर्षं मालट्रक चालवून आता निवृत्त झालेली, जाड मनगटांची, मोठ्या आवाजाची. तिने तार ओढली, विमान धावलं, उचललं आणि नाक आभाळाकडे करून चढायला लागलं. त्या चढणीत माणूस पाठीवर पडल्यासारखा होतो. घड्याळजीला उजव्या बरगडीपाशी टर्र असा आवाज ऐकू आला. बारीक आवाज. घड्याळजीलाच ऐकू येईल असा.

वर पोचल्यावर त्याने तार सोडली आणि नेहमीसारखं नाक खाली घेतलं. त्यासरशी पितळी वजन खिशातून निसटलं, मांडीखालून घरंगळत पुढे गेलं आणि ठण्णकन पायांशी थांबलं. त्याने उजवं पेडल दाबून पाहिलं. दबेना. पुन्हा पाहिलं. पेडलाच्या पुढे, बरोबर फटीत, वजन पाचरीसारखं बसलं होतं.

बसलंय, असं त्याच्या मनात आलं.

वाकून हात पोचत नव्हता. पट्टे सोडले तर माणूसच घरंगळेल. शेपटीचं सुकाणू डावीकडे वळत होतं, उजवीकडे नाही. म्हणजे विमान नीट वळणार ते फक्त डावीकडे. आणि शेडमधल्या फळ्यावर आजच्या दिवसासाठी मैदानाभोवती बाण काढला होता तो उजवा फेर घेण्याचा. क्लबात त्याला घड्याळी फेर म्हणत. सगळी विमानं त्याच बाजूने फिरून उतरायची, नाही तर एकमेकांवर येतील. इतक्या वर्षांत कुणी फेर चुकला तर सगळ्यात आधी त्याच्या अंगावर ओरडणारा माणूस घड्याळजी होता.

त्याला भीती वाटली, पण मरणाची वाटली असं म्हणता येणार नाही. उद्या हे लोक इथे वाकून बघतील आणि त्यांना पायांशी ते वजन सापडेल, याची वाटली. बायको ज्याला हात लावायची ते वजन. मुलीला फोन कोण करील, आणि काय म्हणून सांगील? बाबा हलके होते म्हणून?

"नाही," तो मोठ्याने म्हणाला. वर ऐकायला कुणी नव्हतं. आज पहिल्यांदाच त्याला ते खटकलं.

खाली शेडसमोर दातवाले डॉक्टर डोळ्यांवर हाताची झापड करून बघत होते.

"हा कुठे चाललाय? उलटा फिरतोय!"

"कोण?"

"घड्याळजी!"

"घड्याळजी उलटा? मग आज सूर्य पश्चिमेला उगवला," कुणीतरी म्हणालं. पण नर्स हसली नाही. दुसरं विमान तारेला लावायचं होतं ते तिने थांबवलं. ड्रायव्हरबाईने यंत्र बंद केलं आणि कंबरेवर हात ठेवून उभी राहिली.

त्याने एक डावा फेर घेतला. मोठा घेतला, घाई केली नाही. दुसरा घेतला. चाळीस वर्षं हात थरथरू न देण्याचीच भाकरी खाल्ली होती, ती कामी आली. मैदान समोर आलं तेव्हा वारा विमानाला डावीकडे ढकलत होता आणि नाक सरळ करायला उजवं पेडल हवं होतं. ते नव्हतं. विमान तिरकं उतरलं, एकदा उडी मारली, गवतात एका पंखावर रेलून गोल फिरलं आणि थांबलं. काही मोडलं नाही. झाकण उघडायचं त्याला सुचलं नाही. तो तसाच हात मांडीवर ठेवून बसून राहिला.

सगळ्यात आधी ड्रायव्हरबाई पोचली, कारण विमान ओढायची जीप तिच्याकडे. तिने झाकण उघडलं.

"शाबूत आहात ना? मग तोंड का असं? डॉक्टर कवळी काढून घेणार असल्यासारखं."

पट्टे सोडायला ती आत वाकली, आणि तिला पायांशी पितळ चमकताना दिसलं. तिने हात घालून ते ओढून काढलं. हातात तोललं. मग त्याच्या कोटाच्या डाव्या बाजूला लोंबणाऱ्या ओझ्याकडे पाहिलं. तीस वर्षं माल तोलणाऱ्या बाईला आणखी सांगावं लागलं नाही.

"घड्याळजी," ती हळू आवाजात म्हणाली. तिला हळू बोलता येतं हे त्याला त्या दिवशी कळलं. "वजनकाट्यावर आम्ही ट्रकवाल्यांनी जन्मभर लबाडी केली. पण जास्त असेल तर कमी दाखवायची. कमी असून जास्त दाखवणारे तुम्हीच पहिले बघितले."

"कुणाला सांगू नका."

"विमान उलटं फिरलं ते सगळ्या गावाने बघितलं. मी काय सांगायचं राहिलंय?" ती थांबली. "दोन स्क्रूंचं काम होतं हो. पोरगी दर वेळी लावते."

"माहीत आहे."

"मग?"

त्याने स्वतःच पट्टे सोडले आणि तिच्या हातातलं वजन मागायला हात पुढे केला.

शेडमध्ये तिने त्याला कोट काढायला लावला आणि काट्यावर उभं केलं. स्टुलावर मात्र ती बसली नाही, बाजूला उभी राहूनच तिने दांडीवरचं वजन सरकवलं. डॉक्टर आणि नर्स दारात थांबले. तिने दांडी बघितली, आणि वहीची मागची पानं उलटली. अडुसष्ट, अडुसष्ट, अडुसष्ट. पानामागून पान, एकाच वळणाच्या नेटक्या अक्षरात. ड्रायव्हरबाईने वही मिटली. मग तिला आठवलं, इथे काय म्हणतात ते.

"बसत नाही," ती म्हणाली.

दोन वर्षांत घड्याळजीने तो शब्द लोकांना शंभरदा सांगितला होता. त्याला कुणी सांगितला नव्हता.

डॉक्टरांनी घसा साफ केला. त्यांना बोलायचं नव्हतं, पण प्रमुख तेच होते. "पेडलात अडकलं म्हणून बरं. नाक वर-खाली करायच्या दांड्यात अडकतं तर आज आपण इथे बोलत नसतो. वहीत खोटं लिहिलं तर महिनाभर जमिनीवर, हा नियम आहे. तुम्हीच मांडला होता, घड्याळजी, त्या बँकवाल्याने उड्डाणाचे तास फुगवून लिहिले तेव्हा."

"आठवतंय."

"महिन्यानंतर लादी लावा, नाही तर पासष्ट भरा. जसं जमेल तसं. आणि काटा..." ते अडखळले. "काटा आता ड्रायव्हरबाईंकडे."

विमान जाणार हे तो उतरतानाच समजून चुकला होता. स्टुलाचं त्याच्या मनात आलं नव्हतं. त्याने स्टुलाकडे पाहिलं. बसून बसून मधोमध खळगा पडलेलं लाकूड. तो खळगा काही त्याचा नव्हता. "एक पाय डुगडुगतो," तो ड्रायव्हरबाईला म्हणाला. "भिंतीकडचा. तिकडे भार देऊ नका." आणि कोट खांद्यावर टाकून, दोन्ही हातांत एकेक वजन घेऊन, तो बसथांब्याकडे निघाला. नर्स म्हणाली, सोडते मी. तो म्हणाला, नको. ती मागे आली नाही. घरापर्यंत त्याला त्याचं बरं वाटलं. कुलूप उघडताना तेवढं वाटलं नाही.

घरी आल्यावर तो कितीतरी वेळ वजनं मांडीवर घेऊन बसला. मग उठून घड्याळाचं दार उघडलं. साखळ्या पुसल्या, एक वजन अडकवलं, दुसरं अडकवलं. काटे सरकवताना मधले टोले वाजू द्यावे लागतात, नाही तर घड्याळ मोजणी चुकतं. म्हणून आठ वाजू दिले, नऊ वाजू दिले, दहा, अकरा, बारा... सगळे टोले ऐकत उभा राहिला. शेवटी लोलकाला बोट लावलं. रिकाम्या घरात टकटक सुरू झाली. ती सोबत वगैरे नव्हती. खोली किती मोठी आहे ते उलट जास्तच कळायला लागलं.

संध्याकाळी फोन वाजला.

"बाबा, जेवलात?"

"नाही."

हे उत्तर त्या प्रश्नाला कधी आलं नव्हतं.

"बरं नाही का?"

"बरा आहे. जेवलो नाही. आता जेवीन."

"ते काय वाजतंय मागे?"

"घड्याळ."

"बंद होतं?"

"होतं."

"कधीपासून?"

आता सगळं विचारणार, त्याला वाटलं. पण ती पोरगी आईच्या वळणावर गेलेली. ती एवढंच म्हणाली, "फोन ठेवू नका. बाजूला ठेवा आणि जेवा. मीही माझं ताट घेते." त्याने दोन अंडी उकडली, बटाटे उकडले, मीठ घातलं. फोन टेबलावर ठेवला आणि खुर्चीत बसला. समोरची खुर्ची होती तिथेच होती. फोनमधून मधूनच चमच्याचा आवाज यायचा. दुसरा बटाटा त्याला जाईना, पण अर्धा गेला.

पुढच्या रविवारी निघताना त्याने साखळ्या ओढून दोन्ही वजनं वर चढवली. तोंडातल्या तोंडात काही म्हणाला का, ते त्याचं त्याला ठाऊक.

मैदानावर पायजमा सुस्त लोंबत होता. लोक काट्यापाशी रांगेत होते. ज्याला उडायचं नाही त्याचं वजन करायचं काही कारण नव्हतं, तरी घड्याळजी रांगेत उभा राहिला. कोट आणला नव्हता. पाळी आली तेव्हा त्याने पँटचे दोन्ही खिसे बाहेर ओढून दाखवले.

"झडती नका हो घ्यायला लावू," ड्रायव्हरबाई म्हणाली. "उभे राहा."

ती स्टुलावर बसली होती, भिंतीकडचा पाय जपून. तिने दांडी बघितली. वहीत एक आडवी रेघ मारली, तिच्याखाली तिच्या ओबडधोबड अक्षरात काहीतरी लिहिलं, आणि लिहिताना पानावर पंज्यासारखा हात आडवा धरला.

"बसत नाही," ती म्हणाली.

"किती भरलं?" त्याने विचारलं. इतक्या वर्षांत त्याने हे कधी विचारलं नव्हतं.

"ते सांगायची पद्धत नाही."

तो पाटावरून उतरला. बाहेर नर्सचं विमान तारेला लावून तयार होतं आणि पंख धरायला कुणी नव्हतं. त्याने टोक धरलं. हलकं होतं, बोटांवर पेलेल इतकं. दूरवर तार ताणली गेली, पंख त्याच्या हातात थरथरला. तो त्याच्याबरोबर पळायला लागला. एक पाऊल, दोन, तीन. चौथ्याला पंख सुटून गेला, आणि तो उघड्या मैदानात हात तसाच धरून उभा राहिला, विमान उजवीकडे वळेपर्यंत.